घरी बांधलेले विमान आणि एका पेट्रोल-कॉकची चौकशी

विमान घरी बांधता येते, असे सांगितले की आपल्याकडे बहुतेकांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. विमान म्हणजे काही पाळणा नव्हे की सुताराला बोलावले आणि पडवीत बसवून करून घेतला! परंतु हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागातल्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव या मराठी वैमानिकाने सहा आसनांचे विमान बांधले. ते २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदही झाली. शिवाय ज्यांच्यापासून हा सगळा उद्योग सुरू झाला ते राइट बंधू तरी कोण होते? सायकलींचे दुकानदार! १९०३ साली त्यांनी उडवलेल्या विमानाचे इंजिनसुद्धा त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने घडवले होते. तेव्हा पहिले विमान हे घरी बांधलेलेच विमान होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

अमेरिकेत या हौसेला कायद्याची रीतसर जागा आहे. ज्याने विमानाच्या बांधणीतला निम्म्याहून अधिक भाग शिक्षणाच्या किंवा छंदाच्या हेतूने स्वत: केला, त्याला ते 'प्रायोगिक' या वर्गात नोंदवून उडवता येते. विमानावर 'प्रायोगिक' हा शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो. कारखान्यातल्या विमानाच्या प्रत्येक नमुन्याला सरकारी कसोट्यांतून जावे लागते, पुढे त्यातला एक स्क्रू बदलायचा तरी मंजुरीचे कागद लागतात. घरच्या विमानाला ते बंधन नाही. बांधणाऱ्याने आराखडे विकत आणावेत, आणि वाटले तर त्यात फेरफारही करावेत. आराखड्यातले इंजिन लहान वाटले, मोठे बसवले. टाकी लहान वाटली, वाढवली. नळी इकडून नेण्याऐवजी तिकडून नेली. या मोकळीकीतून विमानविद्येला पुष्कळ लाभ झाला आहे, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. पण अशा फेरफाराची परीक्षा कधी आणि कशी होते, हे एका अपघाताच्या चौकशीवरून आज आपण पाहणार आहोत.

अपघात १२ ऑक्टोबर १९९७ रोजी, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर माँटेरे येथे झाला. वैमानिक होता जॉन डेन्व्हर, अमेरिकेतला अत्यंत लोकप्रिय गायक. तो काही नवशिका उडवय्या नव्हता. त्याचे वडील अमेरिकी हवाईदलात वैमानिक होते आणि त्याच्या स्वत:च्या नावावर २,७०० तासांहून अधिक उड्डाण जमा होते. विमान होते 'लाँग-ईझी' नावाचे. त्याचा आराखडा बर्ट रुटान याने केलेला. याच रुटानच्या आराखड्याचे 'व्हॉयेजर' विमान १९८६ साली वाटेत कोठेही न उतरता आणि इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, यावरून त्याची योग्यता कळेल. 'लाँग-ईझी' दिसायला चमत्कारिक असते. लहान पंख पुढे, मोठे पंख मागे, आणि इंजिन व पंखा वैमानिकाच्या पाठीमागे. दोन माणसे एकामागे एक बसतात. चालवायचा दांडा मध्ये नसून उजव्या हाताशी असतो.

हे विशिष्ट विमान टेक्सासमधल्या एका हौशी गृहस्थाने बांधले होते आणि ते विकत-विकत पुढे डेन्व्हरच्या हाती आले. आदल्या दिवशी, ११ ऑक्टोबरला, त्याने सुमारे अर्धा तास त्याचा सराव केला आणि ते माँटेरेला आणले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर तो एकटाच निघाला. धावपट्टीवर चाके टेकवून पुन्हा वर उठणे असा सराव त्याने तीन वेळा केला आणि मग विमान समुद्राच्या बाजूला वळवले. साडेपाचच्या सुमारास पॅसिफिक ग्रोव्ह गावाजवळ, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ते पाण्यात कोसळले. डेन्व्हर जागच्या जागी मरण पावला. त्याचे वय त्रेपन्न होते.

आता चौकशी. अमेरिकेत हे काम राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाकडे असते. या मंडळाकडे शिक्षा देण्याचा अधिकार नाही. घडले काय आणि का, एवढेच त्याने शोधायचे. मंडळाच्या माणसांनी वीस साक्षीदारांना गाठले. विमान सुमारे साडेतीनशे ते पाचशे फुटांवर होते. त्यांपैकी आठ जणांनी सांगितले की, विमान खाली येण्याच्या अगदी आधी फटाक्यासारखा एक आवाज झाला आणि इंजिनाचा आवाज मंदावला. कित्येकांनी विमानाचे नाक जरा वर उचललेले, मग विमान उजवीकडे कललेले आणि शेवटी नाक खाली करून सरळ पाण्यात घुसलेले पाहिले.

एवढे ऐकले की आपण काय म्हणू? 'इंजिन बंद पडले आणि विमान पडले.' वृत्तपत्रातला मथळाही असाच असतो. पण चौकशी करणाराला हे उत्तर पुरत नाही. त्याला यात एक नव्हे, दोन प्रश्न दिसतात. इंजिन का थांबले, हा पहिला. आणि इंजिन थांबले म्हणून विमान का पडले, हा दुसरा! कारण इंजिन थांबले म्हणजे विमान दगडासारखे पडत नाही. पंखांखालून वारा वाहत असेतो ते घारीसारखे तरंगत, उतरणीवरून घसरत यावे तसे खाली येते. 'लाँग-ईझी' तर या बाबतीत चांगले गुणी विमान. पाचशे फुटांवरून ते सपाट पाण्यावर उतरवता आले असते. विमानाची मोडतोड झाली असती, पण माणूस कदाचित वाचला असता. ते उजवीकडे कलून नाकावर का गेले?

पहिल्या प्रश्नासाठी इंजिन पाण्यातून वर काढून उघडण्यात आले. अशा वेळी तपासनीस पाहतात ते असे : दट्टे आणि दांडे शाबूत आहेत काय, ठिणगीची व्यवस्था ठीक आहे काय, तेल पोचत होते काय, पंख्याची पाती कशी मोडली आहेत. जोराने फिरणारा पंखा आदळला तर त्याची मोड वेगळी असते, थांबलेल्याची वेगळी. या विमानात बांधणाऱ्याने आराखड्यात सांगितलेल्या इंजिनाऐवजी १५० अश्वशक्तीचे मोठे इंजिन बसवले होते. साहजिकच संशय तिकडे जातो. पण इंजिनात आघातापूर्वीचा यांत्रिक बिघाड काही आढळला नाही. मोठे असो वा लहान, पेट्रोल मिळाले असते तर ते चालले असते.

मग पेट्रोल का मिळाले नाही? येथे मला आपल्या जुन्या स्कूटरींची आठवण करून द्यावीशी वाटते. आपणांपैकी ज्यांनी त्या चालवल्या आहेत त्यांना सीटच्या पुढच्या बाजूला, खाली असलेला पेट्रोलचा कॉक आठवत असेल. चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा त्याच्या तीन जागा. भर रस्त्यात गाडी आचके देऊ लागली की स्वार एका हाताने हँडल धरून खाली वाकायचा, चाचपडत कॉक रिझर्व्हवर फिरवायचा, आणि चार आचके देऊन गाडी पुन्हा सुरू व्हायची. त्या वाकण्यात हँडल थोडेसे हलायचेच. मागे बसलेल्या मंडळींचा जीव वरखाली व्हायचा. अशा लहान विमानांतही नेमके असेच असते. डाव्या आणि उजव्या पंखाच्या मुळाशी एकेक टाकी. कॉक फिरवून एका वेळी एका टाकीतून पेट्रोल घ्यायचे. ती संपत आली की दुसरीवर जायचे.

रुटानच्या आराखड्यात हा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, समोर होता. डोळ्यांना दिसावा, हाताला सापडावा, असा. या विमानात तो तेथे नव्हता. बांधणाऱ्याने तो उचलून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता.

आणि हे त्याने निष्काळजीपणाने केले नव्हते! या सबंध चौकशीतला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच वाटतो. कॉक समोर ठेवायचा तर टाक्यांपासून पेट्रोलच्या नळ्या वैमानिकाच्या बैठकीतून पुढे आणाव्या लागतात आणि पुन्हा मागे इंजिनाकडे न्याव्या लागतात. इंजिन पाठीमागेच आहे. नळी फुटली, गळली, तर पेट्रोल माणसाच्या मांडीवर, आणि मग आग. तेव्हा नळ्या बैठकीत आणायच्याच नाहीत, कॉकच मागे न्यायचा, म्हणजे सारे पेट्रोल मागच्या मागे राहील, असा त्याने विचार केला. विचार चुकीचा म्हणता येणार नाही. एका धोक्यापुरता तो बरोबरच होता. पण एक धोका दाराबाहेर घालवताना दुसरा खिडकीतून आत आला.

तो दुसरा धोका असा. कॉक फिरवायचा तर वैमानिकाने प्रथम उजव्या हातातला दांडा सोडायचा. मग खांद्यावरचा पट्टा सैल करायचा. मग कमरेपासून वरचे सगळे अंग डावीकडे काटकोनात वळवायचे. आणि मग खांद्यामागे हात घालून मूठ फिरवायची. त्या मुठीवर खुणा नव्हत्या. तिची दिशाही उफराटी : मूठ उजवीकडे केली की डावी टाकी, खाली केली की उजवी टाकी, वर केली की बंद! आणि ती फिरायला जड होती.

टाकीत पेट्रोल किती आहे, हे दाखवणाऱ्या काचाही पाठीमागेच होत्या आणि त्यांवरही आकडे-खुणा नव्हत्या. पंखाच्या मुळाशी असलेली टाकी आपल्या रॉकेलच्या डब्यासारखी सरळ नसते; तेव्हा अर्धी काच भरलेली दिसली म्हणजे अर्धी टाकी आहे, असे धरून चालता येत नाही.

हे सगळे डेन्व्हरला माहीत होते काय? होते. उड्डाणापूर्वी विमानतळावरच्या देखभाल करणाऱ्या मेकॅनिकाशी त्याचे या कॉकविषयी बोलणे झाले होते. मुठीला पकड लावून ती लांब करता येते का, हेही दोघांनी करून पाहिले. तरीसुद्धा पट्टे बांधून बसल्यावर हात पोचेना. मेकॅनिकाने मागच्या काचा पाहिल्या. उजव्या टाकीत अर्ध्याहून कमी, डावीत पावाहून कमी. बसल्या जागी काचा दिसाव्यात म्हणून त्याने डेन्व्हरला एक लहान आरसा दिला. पेट्रोल भरू का, असेही विचारले. आपण तासभरच उडणार आहोत, असे सांगून डेन्व्हरने नको म्हटले. कॉक फिरवायची वेळ आली तर स्वयंचलित यंत्रणेवर विमान सरळ ठेवू आणि मग वळू, असा त्याचा बेत होता. बेत वाईट नव्हता. पण तो उंचावर, सावकाशीने करायचा बेत होता. पाचशे फुटांवर इंजिन अचानक फुरफुरू लागल्यावर माणूस काय करील, हा प्रश्न वेगळा.

पाण्यातून काढलेल्या अवशेषांत तो कॉक सापडला तेव्हा तो कोणत्याच एका टाकीवर धड बसलेला नव्हता; मध्येच कुठेतरी अडकलेला होता. म्हणजे तो फिरवण्याचा प्रयत्न चालू होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले : इंजिनाची उपासमार झाली होती.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अवशेषांत नव्हते. ते मनुष्याच्या अंगात होते. तपासनीसांनी काय केले, तर अशाच विमानाच्या बैठकीत ते स्वत: बसले आणि डाव्या खांद्यामागचा कॉक गाठण्याचा प्रयत्न करू लागले. त्यांना आढळले की वरचे अंग डावीकडे वळवले की आधारासाठी उजवा पाय आपोआप ताठ होतो आणि पुढे रेटला जातो. आपण कोणीही खुर्चीवर बसून डाव्या खांद्यामागची वस्तू उचलून पाहावी. उजवी टाच जमिनीवर कशी दाबली जाते ते कळेल. घरी जमिनीवर दाबली गेली तर बिघडत नाही. विमानात उजव्या पायाखाली उजव्या सुकाणूचे पेडल असते! ते दाबले की विमानाचे नाक उजवीकडे वळते, नाकाबरोबर विमान उजवीकडे कलते, आणि कलणे वाढत गेले की नाक खाली जाते. साक्षीदारांनी किनाऱ्यावरून पाहिले ते हेच होते. त्या क्षणी वैमानिकाचा हात दांड्यावर नव्हता, पट्टा सैल होता आणि दृष्टी मागे होती. पाचशे फूट उंची म्हणजे मोजक्या सेकंदांचा हिशेब. सावरायला अवधी कुठून असणार?

हे मी थोडे विस्ताराने सांगितले, कारण चौकशीचे शास्त्र येथेच दिसते. मोडलेला भाग शोधणे सोपे असते. येथे मोडलेला भाग नव्हताच. इंजिन शाबूत, सुकाणू शाबूत, कॉकसुद्धा शाबूत! जो तो भाग आपले काम करीत होता. फक्त एकाची जागा बदलली होती आणि त्या बदलामुळे माणसाच्या हाताचे काम आणि पायाचे काम एकमेकांच्या आड येत होते. असा दोष सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. तो बैठकीत बसून पाहावा लागतो.

वृत्तपत्रांनी त्या दिवसांत वेगळीच गोष्ट उचलून धरली. डेन्व्हरवर पूर्वी मद्य पिऊन मोटार चालवल्याचे आरोप झाले होते आणि अपघाताच्या वेळी त्याच्यापाशी वैमानिकाला लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्रही नव्हते. लोकांनी आपला निकाल त्यावर लावून टाकला. मंडळाने रासायनिक तपासणी केली. मद्याचा किंवा मादक द्रव्याचा अंशही सापडला नाही. प्रमाणपत्र नसणे हा कायद्याचा भंग होता यात शंका नाही, पण कायद्याच्या भंगाने विमान उजवीकडे कलत नाही. गुन्हा आणि कारण या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवण्याची ही शिस्त न्यायालयाबाहेर क्वचितच पाळली जाते.

मंडळाने जानेवारी १९९९ मध्ये निर्णय दिला. त्यात पहिले कारण वैमानिकाचे : कॉक फिरवताना लक्ष विचलित होऊन नकळत उजवे सुकाणू दाबले गेले, आणि त्याआधी त्याने पेट्रोल भरून घेतले नाही. बांधणाऱ्याने खुणा नसलेला कॉक हात न पोचणाऱ्या जागी ठेवला, काचांवर खुणा नव्हत्या, वैमानिकाला या विमानाची पुरेशी तालीम नव्हती आणि त्याचा अनुभवही नव्हता, या गोष्टींना मंडळाने साहाय्यक घटक म्हटले आहे. हा क्रम मला पुरतेपणी पटत नाही, हे नम्रपणे सांगतो. पेट्रोल न भरण्याची चूक डेन्व्हरची खरीच, आणि ती अक्षम्य होती. पण मूळ आराखड्याच्या विमानात हीच चूक झाली असती, तर समोरचा कॉक फिरवून त्याने कदाचित दोन सेकंदांत ती दुरुस्त केली असती. चूक सर्वांकडून होते. ती दुरुस्त करण्याची वाट जेथे बंद झाली, तेथेच मुख्य कारण आहे, असे मला वाटते. अर्थात मंडळाचे म्हणणे असे की, ती वाट बंद आहे हे ठाऊक असूनच तो उडाला. या दोन मतांपैकी कोणते घ्यावे, हे श्रोत्यांवर सोडतो.

आता एक शंका आपल्या मनात आली असेल. ज्याने कॉक मागे बसवला त्याने स्वत: ते विमान उडवले, मग त्याला काही झाले नाही ते कसे? याचे उत्तर अगदी साधे आहे. बांधणारा आपल्या विमानाला आपल्या घराप्रमाणे ओळखतो. अंधारात विजेचे बटण कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असते, पाहुण्याला नसते. मूठ कोणत्या दिशेला फिरवली की काय होते, ती केव्हा जड जाते, किती पेट्रोल राहिले की आधीच टाकी बदलून घ्यावी, हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. खुणा लिहिण्याची त्याला गरजच भासत नाही. विमान विकले की यंत्र दुसऱ्याकडे जाते, अंगवळण जात नाही.

ही केवळ एका विमानाची कहाणी नव्हे. २०१२ साली याच मंडळाने घरी बांधलेल्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ या एका वर्षात अमेरिकेत अशा विमानांचे २२४ अपघात झाले. अमेरिकेतल्या खाजगी व हौशी उड्डाणाच्या एकूण विमानांत त्यांचे प्रमाण जवळजवळ १० टक्के, पण प्राणघातक अपघातांत २१ टक्के. इंजिन किंवा त्याची पुरवठा-व्यवस्था निकामी होणे आणि उडताना विमानावरचा ताबा सुटणे, हे दोन प्रकार सर्वांत अधिक. डेन्व्हरच्या अपघातात हे दोन्ही एकापाठोपाठ आले होते. आणि त्या वर्षीच्या अपघातांपैकी निम्म्याहून अधिक विमाने बांधणाऱ्याच्या हातात नव्हती. ती दुसऱ्याने विकत घेतलेली होती. दहा अपघात विमानाच्या पहिल्याच उड्डाणात झाले, ते समजण्यासारखे आहे. पण चौदा अपघात नव्या मालकाच्या पहिल्या उड्डाणात झाले. ती विमाने पूर्वी अनेकदा सुखरूप उडालेली होती!

मंडळाने त्यावर ज्या सूचना केल्या त्यांत 'फेरफार करू नका' अशी सूचना नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सूचना अशा की, पहिल्या उड्डाणापूर्वी इंधनाच्या व्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी करून तिची नोंद द्यावी. चाचणीच्या उड्डाणांत जे आढळले ते कागदावर लिहून काढावे. ते कागद विमानाबरोबर खरेदीदाराला मिळावेत. आणि नव्या मालकाने जाणत्या माणसाबरोबर त्या जातीच्या विमानाची तालीम घ्यावी. डेन्व्हरला मिळालेला अर्धा तास या दृष्टीने किती अपुरा होता, हे निराळे सांगायला नको.

एक शेवटची गोष्ट, पुष्कळांनी विचारली म्हणून सांगतो. असे विमान विकत घेणाऱ्याने प्रथम काय पाहावे? इंजिन, रंग, पंख हे तो पाहतोच. त्याने विमान जमिनीवर उभे असतानाच आत बसावे, उडताना बांधायचे ते सगळे पट्टे घट्ट बांधावेत, उजवा हात दांड्यावर आणि दोन्ही पाय पेडलांवर ठेवावेत, आणि दुसऱ्या माणसाला बाहेर सुकाणूकडे पाहत उभे करावे. मग एकेक मूठ, एकेक कॉक, एकेक बटण हाताने गाठून फिरवावे. बाहेरच्या माणसाने, सुकाणू हलले का, एवढेच ओरडून सांगायचे.